दोन शिंतोड्यांचा बाऊ

मॉकटेलच्या ग्लासात बिटर्सचे दोन-चार शिंतोडे पडले की ते पेय बिनदारूचं राहत नाही. विकणारा गिऱ्हाइकाला फसवतो आणि पिणारा स्वतःला, असा आक्षेप हल्ली वरचेवर घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांचा पुरावा बाटलीवरच छापलेला असतो. अँगोस्टुरा बिटर्समध्ये मद्यार्काचं प्रमाण ४४.७ टक्के, आणि आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. व्हिस्कीपेक्षा कडक द्रव सोड्यात घालायचा आणि वर त्याला ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणायचं, हा दांभिकपणा नाही तर काय, असा सवाल येतो आणि ऐकणारा निरुत्तर होतो, कारण आकडा खरा असतो. आकड्याबद्दल माझीही तक्रार नाही. तक्रार आहे ती टक्केवारी वाचून तिथेच थांबण्याबद्दल. हे टक्के कशाचे आणि त्यातलं ग्लासात पडलं किती, हा पुढचा प्रश्न विचारला की आक्षेपातली बरीचशी हवा निघून जाते. थोडी उरते. ती कुठे उरते हेही सांगायला हवं, कारण बिटर्सचे वकील नेमकी तीच जागा झाकायला बघतात आणि जिंकत आलेला खटला हातचा घालवतात.

ज्यांनी ही बाटली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. छोटी, गडद रंगाची बाटली, पिवळं झाकण आणि मापाला न जुळणारं, पार मानेपर्यंत चढलेलं कागदी लेबल. झाकणाखाली प्लास्टिकचं बूच बसवलेलं असतं आणि त्याला एक बारीक भोक. बाटली उपडी करून मनगटाला झटका दिला की एक शिंतोडा पडतो. बारमध्ये त्याला ‘डॅश’ म्हणतात. सोड्याच्या फेसावर तो पडला की आधी लालसर-तपकिरी डाग उमटतो, मग रंग हळूहळू खाली उतरतो आणि ग्लास तोंडाला लागायच्या आत लवंग-दालचिनीची आठवण करून देणारा वास नाकात शिरतो. हा अर्क बनवला योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने. तो व्हेनेझुएलात सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात होता, आणि अँगोस्टुरा या गावात, म्हणजे आजच्या सिउदाद बोलिव्हारमध्ये, १८२४ साली त्याने सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर हे कडू औषध तयार केलं. पुढे १८७५च्या सुमारास त्याच्या मुलांनी धंदा त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला नेला आणि आजही माल तिथेच बनतो. कृती गुप्त आहे, पण जेन्शियन नावाच्या वनस्पतीची कडू मुळी त्यात असते हे लेबलच सांगतं. मुळी, साली, मसाले यांचा कस उतरवायला आणि तो टिकवायला मद्यार्क लागतो. पाण्यात तो नीट उतरत नाही आणि उतरला तरी लवकर नासतो. या बाटलीत मद्यार्क आहे तो या कामासाठी. पिणाऱ्याला चढावी म्हणून तो घातलेला असता, तर बाटलीच्या तोंडाला टाचणीएवढं भोक ठेवलं नसतं.

आता हिशेब. एक डॅश म्हणजे साधारण ०.८ मिलिलिटर, बाटली किती भरलेली आहे आणि हात किती सैल आहे यावर तो थोडा कमी-जास्त होतो. तीन डॅश म्हणजे २.४ मिलि. त्याचे ४४.७ टक्के काढले तर शुद्ध मद्यार्क येतो १.०७ मिलि. लिंबू, सोडा, बर्फाचं पाणी धरून ग्लासात २५० मिलि पेय असेल, तर त्या पेयात मद्यार्काचं प्रमाण ०.४३ टक्के झालं. बाटलीवरचे ४४.७ आणि ग्लासातले ०.४३ यांत शंभरपटीहून जास्त अंतर आहे, आणि माणूस ग्लास पितो, लेबल नाही. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिच्या छोट्या पेगमध्ये जवळजवळ १२.८ मिलि शुद्ध मद्यार्क असतो. तेवढा पोटात जायला असे बारा ग्लास प्यावे लागतील, म्हणजे तीन लिटर लिंबूसोडा. बरं, तो प्यायला तरी उपयोग नाही. निरोगी प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण सात ग्रॅम मद्यार्क निकालात काढतं. आपल्या तीन डॅशमध्ये तो वजनाने भरतो ०.८४ ग्रॅम, म्हणजे सात-आठ मिनिटांचं काम. ग्लास अर्धा होईस्तोवर पहिल्या घोटांचा हिशेब यकृताने चुकता केलेला असतो. नशा येण्याचा प्रश्न इथे पुसट नाही, तो उद्भवतच नाही.

यावर आक्षेप घेणारा माघार घेत नाही, तो जागा बदलतो. नशेचा प्रश्न नाहीच, म्हणतो. थेंब म्हणजे थेंब. शून्य म्हणजे शून्य. ही भूमिका ऐकायला करारी वाटते, पण तिच्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की बिटर्स टाळले की आपला आहार आपोआप शून्यावर येतो. तो येत नाही. साखर आणि यीस्ट जिथे भेटतात तिथे थोडा मद्यार्क तयार होतो, मग ते पीठ असो, रस असो की पिकलेलं केळं. मुलांच्या रोजच्या खाण्यातून किती मद्यार्क पोटात जातो हे पाहण्यासाठी जर्मनीत बाजारातले पदार्थ तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात संत्री, सफरचंद आणि द्राक्षं यांच्या डबाबंद रसांमध्ये लिटरमागे पाऊण ग्रॅमपर्यंत मद्यार्क आढळला, आणि पाकीटबंद बर्गरच्या काही पावांमध्ये १०० ग्रॅममागे १.२ ग्रॅमच्याही वर. म्हणजे तसला १०० ग्रॅम पाव खाणाऱ्या मुलाच्या पोटात आपल्या बदनाम ग्लासापेक्षा दीडपट मद्यार्क गेला. त्या पावावर कुणी बहिष्कार टाकलेला नाही आणि टाकूही नये. केकमध्ये जे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट पडतं त्यात अमेरिकी नियमानुसार किमान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. भट्टीत तो बराचसा उडून जातो हे खरं, पण आइस्क्रीमला किंवा व्हिप्ड क्रीमला भट्टी दाखवत नाहीत.

आणि इतकं लांब कशाला जायचं? मराठी घरातल्या औषधांच्या फळीवर दशमूलारिष्ट असतं, द्राक्षासव असतं, कुमारी आसव असतं. आसव-अरिष्टं आंबवूनच तयार होतात. त्यांत साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपसूक तयार होतो, आणि तसं बाटलीवर लिहिलेलंही असतं. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची चाल तर पिढ्यांपिढ्यांची. चार चमचे, म्हणजे २० मिलि मात्रा आणि ७ टक्के मद्यार्क धरला, तर एका वेळेला १.४ मिलि शुद्ध मद्यार्क झाला, आणि मात्रा दिवसातून दोनदा. तीन डॅशच्या ग्लासात तो १.०७ मिलि होता. कट्टर माळकरी घरातली सासूसुद्धा हे औषध सुनेला बिनदिक्कत देते आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही, कारण ती ते दारू म्हणून देत नाही आणि सून ते दारू म्हणून घेत नाही. ‘ते औषध आहे, हा शौक आहे’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण ते उत्तर दिलं की थेंबाचा मुद्दा आपणच सोडून दिला. मग वाद हेतूचा आणि मात्रेचा झाला, आणि त्या मैदानावर बिटर्सची बाजू लंगडी नाही.

कायद्यानेही हाच रस्ता धरला, आणि तोही दारूबंदीच्या सर्वांत कडक दिवसांत, इथेच. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. त्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिलं; व्हिस्की-ब्रँडीबरोबर कोलनवॉटर आणि औषधी वाइन बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला, मात्र मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं सरसकट बंदीत ओढणारा भाग रद्द केला. त्यानंतर कायद्यात २४-अ हे कलम घातलं गेलं. मादक पेय म्हणून वापरायला अयोग्य असलेली, मद्यार्कयुक्त प्रसाधनं, औषधं आणि जंतुनाशकं त्याने बंदीतून वगळली, आणि त्यांच्याच पंक्तीला स्वादार्क, इसेन्स आणि सरबतंही बसवली. मोरारजीभाईंच्या मुंबई राज्याला जो भेद मान्य झाला, तो आजच्या मॉकटेलच्या टीकाकारांना झेपू नये, याची गंमत वाटते. अलीकडचा दाखला हवा असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे मद्यपेयांविषयीचे नियम पाहावेत. ज्या पेयात ०.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क आहे ते मद्यपेय, असं ते सांगतात. आपला ग्लास ०.४३ वर आहे.

पण इथेच थांबलं तर तो बिटर्सवाल्यांचा लबाड हिशेब होईल. ०.४३ हा आकडा २५० मिलिच्या ग्लासाचा आणि तीन डॅशचा आहे. पाच डॅश घातले की प्रमाण ०.७२ टक्के होतं. डॅश तीनच ठेवले पण ग्लास छोटा घेतला, १५० मिलिचा, तरी ते ०.७२ वरच जातं. दोन्ही वेळा ०.५ची रेघ ओलांडली गेली. दुसऱ्या उदाहरणात तर पिणाऱ्याच्या पोटात जाणारा मद्यार्क तसूभरही वाढलेला नाही, फक्त पाणी कमी झालं. तेव्हा टक्केवारीच्या भरवशावर ‘नियमात बसतं’ म्हणणाऱ्या बारमालकाने आधी आपला ग्लास मोजावा आणि मग बोलावं. ऑस्ट्रेलियात लेमन, लाइम अँड बिटर्स नावाचं पेय गोल्फ क्लबांपासून पबांपर्यंत सगळीकडे मिळतं आणि सॉफ्ट ड्रिंकच्या यादीत बसतं. तिथे ग्लासाच्या आतल्या बाजूला बिटर्स फिरवून घेण्याची पद्धत आहे आणि चार-पाच डॅश सहज पडतात. त्या ग्लासाने कुणी झिंगत नाही. पण ‘शून्य’ हा शब्द त्याला लावता येणार नाही, आणि जिथे तो लावला जातो तिथे आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये ‘अल्कोहोल-फ्री’ म्हणवून घ्यायला मार्गदर्शक मर्यादा ०.०५ टक्क्यांची आहे, म्हणजे आपल्या मद्यपेयाच्या रेघेचा दहावा हिस्सा. एकच ग्लास एका देशात बिनदारूचा आणि दुसऱ्या देशात नाही. रेघ माणसांनी आखलेली आहे, आणि ती पाळायची तर माप हवं.

हे सगळं मान्य केलं तरी एक रास्त प्रश्न राहतो: एवढा उपद्व्याप कशासाठी? दारू नको ना, मग सरबत प्या. हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा कुठल्याही हॉटेलचं मॉकटेलचं पान उघडून बघावं. स्ट्रॉबेरी, लिची, ब्लू कुरासाव, सगळी सिरपं. जे पेय चढवायचं नाही ते गोड करायचं, एवढीच आपल्याकडच्या मॉकटेलची कल्पकता. गोड फेसाळ पेयांमध्ये १०० मिलिमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. २५० मिलिच्या ग्लासात २५ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढाच्या दिवसभराच्या वरच्या साखरेला जी इष्ट मर्यादा सुचवली आहे ती साधारण एवढीच. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला. ऑफिसच्या पार्टीत जो माणूस दारू पीत नाही त्याला बाकीच्यांच्या दुसऱ्या पेगपर्यंत हातात काहीतरी धरून बसायचं असतं, आणि त्याच्या नशिबी येतं ते लहान मुलांच्या वाढदिवसाचं गुलाबी पाणी. तो ते तीन मिनिटांत संपवतो किंवा तसंच सोडून देतो. कडू चव हे पेय सावकाश प्यायला लावते. कडू आणि गोड एकमेकांना दाबतात, म्हणून थोडीशी साखर असूनही पेय पांचट लागत नाही आणि भरमसाठ साखरेची गरजही उरत नाही. सोडा, अर्धं लिंबू, एक चमचा साखर आणि तीन डॅश: साखर ४ ग्रॅम. मद्यार्काच्या ०.८४ ग्रॅमवर तावातावाने बोलणाऱ्यांनी उरलेल्या २१ ग्रॅम साखरेबद्दल कधी चकार शब्द काढला असेल तर तो माझ्या वाचनात आलेला नाही.

जिभेचं शास्त्रही इथे मदतीला येतं. गोड चव ओळखणारी संवेदकांची मुख्यतः एकच जोडी माणसाकडे आहे. कडू ओळखणारे मात्र सुमारे पंचवीस प्रकारचे आहेत. बऱ्याच विषारी वनस्पती कडू असतात, तेव्हा जीभ याबाबतीत दक्ष असणं स्वाभाविक. म्हणूनच कडूची मात्रा अगदी अल्प पुरते. जेन्शियनच्या मुळीत ॲमॅरोजेंटिन नावाचं द्रव्य असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कडू द्रव्यांत त्याची गणना होते आणि ५ कोटी ८० लाख पट पाण्यातही ते जिभेला जाणवतं. हेच द्रव्य आपल्या काडेचिराइतात आहे. हिमालयातलं काडेचिराईत जेन्शियनच्याच कुळातलं, आणि तापातून उठलेल्या माणसाला त्याचा काढा पाजणाऱ्या महाराष्ट्राला ती चव शिकवावी लागत नाही. गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं आपण गूळ, जिरं, हिंग घालून खातो; कारल्याच्या भाजीला गूळ आणि चिंच घालतो; मेथीचे लाडू करतो. कडू पूर्ण मारायचं नाही, त्याला गोड-आंबट जोडायचं, हा आपल्या स्वयंपाकघरातला जुनाच नियम आहे. बिटर्स घातलेला लिंबूसोडा त्या नियमाबाहेर नाही. परका आहे तो बाटलीचा पत्ता.

कॉकटेलच्या बाजूने येणारा आक्षेप वेगळा आहे आणि तो जास्त तोऱ्यात घेतला जातो. बिटर्सचं काम दारूचे कंगोरे जुळवण्याचं. दारूच नसेल तर ते जुळवणार काय? या मंडळींच्या बाजूने इतिहास असल्यासारखा दिसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्राने १८०६ साली कॉकटेलची जी व्याख्या छापली तिच्यात दारू, साखर, पाणी आणि बिटर्स अशी चारच नावं होती. पण त्या चारांपैकी एक काढलं की उरलेली तीन निरर्थक होतात, हे त्या व्याख्येतून कुठे निघतं? जग तर उलटी साक्ष देतं. नायजेरियात लग्नसमारंभापासून हॉटेलपर्यंत चॅपमन नावाचं लालभडक पेय मिळतं: संत्र्याचं आणि लिंबाचं फेसाळ पेय, लाल सिरप, काकडीच्या चकत्या आणि बिटर्स. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात रॉक शँडी आहे, लेमोनेड आणि सोडा निम्मेनिम्मे आणि वर बिटर्स. मलावीत हेच जिंजर बिअर घालून करतात. हाँगकाँगच्या क्लबांमध्ये जिंजर एल आणि जिंजर बिअर एकत्र करून त्यात बिटर्स घालतात आणि त्याला गनर म्हणतात. ऑस्ट्रेलियाचं वर आलंच आहे. ही यादी पाहिली की लक्षात येतं, ही सगळी उन्हाची, धुळीची, मैदानावर दिवस काढण्याची ठिकाणं आहेत आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजांच्या क्लबांचा वारसा आहे. भर दुपारी दारू नको, पण नुसतं गोडही नको, या गरजेतून ही पेयं रुजली. ज्यांना ती निरर्थक वाटतात त्यांनी लागोसच्या लग्नात जाऊन तसं सांगून पाहावं.

‘आमचं कोकम आहे, पन्हं आहे, हे विलायती थेर कशाला’ या आक्षेपावर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. सोलकढीत आणि ताकात बिटर्स घालू नयेत. तिथे त्यांना काम नाही. कोकम-सोड्यात एक डॅश मात्र छान बसतो. ज्याला नको त्याने घालू नये. ‘मुलांना सवय लागेल’ या आक्षेपाबद्दल मात्र एक सांगायला हवं. मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त नकोशी वाटते, हे तज्ज्ञांच्या आधी आयांना कळलेलं आहे. दारूच्या वाटेवर मुलाला नेणारं पेय शोधायचंच असेल, तर ते कॉकटेलच्याच ग्लासात, कॉकटेलचंच नाव आणि छत्री लावून दिलेलं गोडमिट्ट मॉकटेल असेल. कडू लिंबूसोडा नव्हे. तरीही मुलांना बिटर्स देऊ नयेत. गरजच काय?

एक पुरावा मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा केला पाहिजे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉशिंग्टन बेटावरच्या टॉम नेल्सन या बारमालकाने औषधविक्रेत्याचा परवाना मिळवला आणि पोटाचं औषध म्हणून बिटर्स ग्लासातून विकले. त्याच्या गुत्त्यात आजही बिटर्सचा अख्खा शॉट घेणाऱ्याला एका क्लबाचं सभासदत्व मिळतं. म्हणजे ठरवलंच तर बिटर्सचीही दारू होते. होतेच. पण त्यासाठी अख्खा शॉट घशाखाली ढकलावा लागतो, आपल्या ग्लासातल्या बिटर्सच्या बारा-पंधरा पट. स्वादार्क आणि दारू यांतला फरक मात्रेने पडतो हेच हे उदाहरण सांगतं. आक्षेप घेणाऱ्यांना ते आपल्या बाजूचं वाटतं. मला ते माझ्या बाजूचं वाटतं.

आता ती जागा, जिथे आक्षेपात खरोखर दम आहे. दारू सोडलेली आणि डायसल्फिरामच्या गोळ्यांवर असलेली माणसं असतात. या गोळ्या चालू असताना मद्यार्काच्या लहानशा मात्रेनेही छाती धडधडणं, चेहरा लाल होणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर त्यांना खोकल्याची औषधं, माउथवॉश, व्हिनेगरसुद्धा जपून वापरायला सांगतात. गोळ्या नसलेल्या, पण महत्प्रयासाने व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला नुसता तो वाससुद्धा जुन्या टेबलावर नेऊन बसवू शकतो. गरोदर बाई असते. धर्माने किंवा व्रताने मद्यार्क पूर्ण वर्ज्य मानणारा असतो. यांच्यापुढे ०.४३ टक्क्यांचं गणित मांडणं उद्धटपणा आहे. व्रत म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. ते ज्याचं आहे त्याने त्याची रेघ कुठे आखायची ते ठरवावं. पण त्यासाठी ग्लासात काय आहे हे त्याला आधी कळलं पाहिजे, आणि आपल्याकडे घोडं अडतं ते इथे. ‘थोडंसं असतं, सांगायचं कशाला’ असं म्हणणारा बारटेंडर आणि ‘थेंब म्हणजे दारूच’ म्हणणारा टीकाकार हे दोघेही पिणाऱ्याचा निर्णय त्याच्या वतीने परस्पर घेऊन मोकळे होतात. पहिला जास्त दोषी, कारण बाटली त्याच्या हातात असते.

मद्यार्काविना बनवलेले बिटर्सही आता मिळतात. काही ग्लिसरीनमध्ये उतरवलेले असतात. मग सगळीकडे तेच का वापरू नयेत? वापरावेत, जिथे मद्यार्क चालतच नाही तिथे तेच वापरावेत. पण ग्लिसरीन स्वतः गोडसर आणि जड असतं, आणि वास नाकाशी उचलून आणण्याचं काम मद्यार्काइतकं चोख करत नाही. तो पर्याय आहे म्हणून मूळ बाटली अपराधी ठरत नाही. आणि तो घेताना लेबल मागूनपुढून वाचावं. ‘ग्लिसरीनयुक्त’ म्हणजे मद्यार्कमुक्तच असं नाही, काहींत दोन्ही असतात.

तेव्हा हॉटेल आणि बार चालवणाऱ्यांना विनंती साधी आहे. मॉकटेलच्या पानावर, ज्या पेयात बिटर्स आहेत त्याच्या नावाखाली ‘यात बिटर्स आहेत, अल्प मद्यार्क’ एवढं मराठीत आणि इंग्रजीत छापा. ग्लास २५० मिलिहून लहान असेल तर दोन डॅशवर थांबा. मद्यार्क नसलेल्या बिटर्सची एक बाटली काउंटरवर ठेवा आणि वेटरला ती कुठे आहे हे माहीत असू द्या. आणि गिऱ्हाइकाने ‘बिटर्स नकोत’ म्हटलं, तर कारण न विचारता नवा ग्लास घ्या. आधीच्या ग्लासावर वरून सोडा ओतून तो पुढे सरकवू नका.